लग्नाची फियाट

लहानपणी चर्चच्या दारात नवरीची फियाट पाहिली, तेव्हाच ठरवलं, अशीच घेईन. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलो, केळीची वाडी विकली आणि घेतली. लगेच गावातला जो तो लग्नासाठी मागायला हजर! कुणालाच दिली नाही. सख्ख्या पुतणीला, डेल्फिनलासुद्धा नाही.

तरी दर रविवारी मागच्या सीटवर नवरीच्या हातात असतात तसली पांढरी फुलं सापडतात. ताजी.

"आग्नेस, कुणाला दिलीस गाडी?" मी बायकोवर खेकसलो.

"चावी तुमच्याच गळ्यात आहे ना!"

आज रविवारी भरदुपारी गाडीची दारं आतून लावून मीच स्टिअरिंगवर बसलो. बघतोच, कोण हरामखोर येतो ते.

मागची सीट एका बाजूने दबली. मग दुसऱ्या बाजूने.

आणि माझ्या गळ्यातली चावी कुणीतरी मागून हळूच ओढली.