आगीची शिंगं

कोरियन जहाजांवर आगीची सूचना देणाऱ्या यंत्राचा तळहाताएवढा काळापांढरा पडदा होता तो. त्यावरची अक्षरं शलाकाने चार महिने खपून, एकेक ठिपका भरून काढली होती. तिला कोरियन येत नव्हतं. तक्ता समोर ठेवून ती चित्रं उतरवावीत तशी अक्षरं उतरवायची.

तपासायला नोहसाहेब आले, मूळचे कोरियन. उभी हयात जहाजांच्या इंजिनखोलीत काढून आता ते पुण्यातच स्थायिक झाले होते. पडद्यावरची ओळ त्यांनी शांतपणे वाचली, "इंजिनखोलीत पाणी."

"पाणी नाही सर, आग!"

त्यांनी कागदावर एक चौकोन काढला. "पाणी असं सुरू होतं." मग चौकोनाला वर दोन शिंगं काढली. "आणि आग अशी."

शलाकाने तक्त्यातलं अक्षर पुन्हा पाहिलं. एकाखाली एक तीन भाग रचलेलं ते तीन मजली अक्षर ठिपक्यांच्या बारा ओळींत मावेना, म्हणून शिंगं तिनेच छाटली होती.

"सर, हे वाचून कुणी पाणी उपसायला धावलं असतं तर?"

"म्हणून तर आधी मला दाखवलंत ना," म्हणत साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले.

दोघांनी मिळून खालचा मजला एका ओळीने बुटका केला, मधली रेघ खाली सरकवली. वर शिंगांपुरती जागा झाली. शलाकाने बटण दाबलं.

पडद्यावर शब्द उमटला, तसे नोहसाहेब ताडकन उठून दाराकडे निघाले. दोन पावलांवर थबकले आणि ओशाळून हसले.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.