पलंगाखालचा माल

“एवढा माल खपू दे, मग दुकानाला कुलूप लावून लेकीकडंच राहायला जाऊ,” असं इब्राहिमभाई दर ईदेला बायकोला, नूरजहाँला सांगायचे. पण रॉकेल मिळेनासं झाल्यापासून त्यांच्या पितळी स्टोव्हकडं जुन्नरच्या पेठेत कुणी ढुंकूनही बघेना. दुकान भरलं, माळा भरला, नूरजहाँच्या पलंगाखालीसुद्धा स्टोव्हच येऊन बसले. शेवटी तिनंच खटपट केली. मंचरजवळ हायवेला नवं हॉटेल होत होतं आणि मालकाला शोभेला जुन्या वस्तू हव्या होत्या. तिनं त्याला घरी बोलावून चहा पाजला आणि झाडून सगळे स्टोव्ह त्याच्या गळ्यात मारले. इब्राहिमभाई टेम्पोत बसून माल पोचवायला गेले, तशी नूरजहाँनं लेकीला फोन केला आणि बॅग भरून दारात ठेवली.

संध्याकाळी टेम्पो परत आला, तो भंगारातल्या कंदिलांनी गच्च भरून.

“लई हुशार निघालीस गं तू!” इब्राहिमभाई टेम्पोतूनच ओरडले. “हायवेची सगळी हॉटेलं आता जुना माल मागत्यात. ती बॅग तेवढी आत घे, कंदील उतरवून घ्यायचेत.”