शेवंतानं वाचलेलं पुस्तक

"ज्या बायांनी पुस्तक पुरं वाचलं, त्यांनी हात वर करा," हरिदासभाऊ म्हणाले. विहारात बसलेल्या पंधरा-वीस बायांमधून एकच हात वर गेला. शेवंताचा.

हरिदासभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले, विहाराचे सचिव. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून नागपूरचे पाहुणे इकडे येऊ लागले होते. पुढच्या रविवारी तर खुद्द लेखिका येणार होती आणि तिच्या आत्मचरित्रावर एका बाईनं बोलायचं होतं.

"शेवंताबाई, तुमाले तं वाचता येत नाही."

"नाही येत. पण हे पुस्तक माह्यं चारदा झालं."

तिनं गळ्यात अडकवलेला आगपेटीएवढा एमपीथ्री प्लेअर दाखवला. मुलीनं, दीपमालानं, स्वयंपाकघरात बसून अख्खं पुस्तक मोठ्यानं वाचून त्यात भरलं होतं. समता कॉलनीतल्या दवाखान्याची फरशी पुसताना शेवंताच्या कानात रोज तेच चाले. सोबतच्या बायांना वाटे, गाणी ऐकते.

मागं कोणीतरी हसलं. शेवंताचे कान तापले, पण हात खाली आला नाही.

"विचारा," ती म्हणाली.

हरिदासभाऊंनी मधलंच पान उघडलं. "सातव्या प्रकरणात काय हाय?"

"तिचं बाळंतपण. दाई येत नाही, सासू दाराशीच बसून राह्यते. ते सोताच पोट्टीची नाळ कापते. येथं आमच्या कुकरची शिटी होते, दीपमाला थांबते. मंग वाचते, का तिनं रडू दाबून पोट्टीचं नाव ठेवलं. कोणाले न विचारता."

ती सांगत गेली. भाऊंचं बोट पानावरून तिच्यामागं सरकत राहिलं. आता कोणी हसत नव्हतं.

"बरोबर हाय," ते शेवटी म्हणाले. "पण बाई, आयकणं म्हणजे वाचणं नोहे. लेखिकेसमोर वाचलेलं माणूस पाह्यजे. जाऊ द्या, मीच बोलतो."

"चाचाजी, पढ़ा तो मैंने है," भिंतीशी बसलेली दीपमाला म्हणाली. "पर मुझे इतना याद नहीं."

शेवंता उठून उभी राहिली.

"भाऊ, बुद्ध गेल्यावर पाचशे भिक्खू जमले व्हते, तुमीच सांगता ना दर रविवारी? त्याईनं काय वाचलं व्हतं? जे आयकलं, तेच सांगितलं. आपून आजवर त्याच्यावरच चालून राहिलो."

भाऊंनी वही ओढली, तिचं नाव लिहिलं आणि वर न बघता विचारलं, "किती वेळ बोलसान?"

"पुस्तक साडेसहा तासाचं हाय," शेवंता म्हणाली. "तुमी किती वेळ बसान, ते सांगा."