खालची उजवी दाढ

"आ कर. अजून," प्रमोदिनी म्हणाली आणि तिने सक्शनची नळी धाकट्या बहिणीच्या जिभेखाली सरकवली.

कृतिकाच्या खालच्या उजव्या दाढेचा कोपरा काल विमानात भाजलेला मका चावताना उडाला होता. आज रात्री विनिपेगमध्ये तिच्या कॅनडा दौऱ्याचा शेवटचा शो होता आणि तो चार कॅमेऱ्यांवर रेकॉर्ड होणार होता. मँचेस्टरच्या पबमध्ये सुरुवात केल्यानंतर नऊ वर्षांनी मिळालेला पहिला स्पेशल, तिच्या एकटीचा तासाभराचा रेकॉर्डेड कार्यक्रम. पोस्टरवर 'ब्रिटनची सर्वात बेधडक कॉमेडियन' असं छापलं होतं. प्रमोदिनी ज्या क्लिनिकमध्ये असिस्टंट होती, तिथे तिने डॉक्टरांच्या लंच ब्रेकमध्ये तिला घुसवलं होतं.

डॉक्टर फ्रीसननी इंजेक्शन देऊन बारा मिनिटं झाली होती. "अर्धी जीभ, ओठ, हनुवटी बधिर राहील," ते इंग्रजीत म्हणाले. "पाचपर्यंत उतरेल. तुम्ही दोघी तुमच्या भाषेत खुशाल बोला. मला ऐकायला आवडतं."

ड्रिल सुरू झालं.

"नऊ वर्षं तूच बोलतेयस," प्रमोदिनी म्हणाली. पेशंटशी बोलताना असतो तसा तिचा आवाज गोड आणि सपाट होता. "आज मी बोलते. तो भाग काढून टाक."

"अं?"

"उगीच अं करू नकोस. 'माझी ताई नागपुरात डेंटिस्ट होती. कॅनडात आली आणि प्रमोशन झालं. आता लोकांची थुंकी ओढते.' टोरोंटोत अकरा सेकंद हशा. कॅल्गरीत चौदा. क्लिप बघून मी मोजलेत."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "काहीतरी गमतीचं चाललंय."

"व्हेरी फनी," प्रमोदिनी म्हणाली आणि नळी गालाकडे वळवली. "पॉडकास्टवर तर अख्खा एपिसोड केलास. मी इथली डेंटिस्टची परीक्षा दोनदा नापास झाले, हे क्लिनिकमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. मंगळवारी एक पेशंट याच खुर्चीत आडवा झाला आणि मला म्हणतो, ओह, यू आर द स्पिट लेडी! सेल्फी मागितला."

कृतिकाने मान हलवली.

"डोकं स्थिर," डॉक्टर म्हणाले.

"हलू नकोस. आणि हे जे तुझ्या तोंडात वाकलेत ना, ते मी जूनमध्ये पास झाल्यावर इथली दुसरी डेंटिस्टची खुर्ची मला देणार होते. एपिसोड ऐकल्यापासून म्हणतात, वी विल सी. क्लिप लोक विसरतील. स्पेशल राहतो. म्हणून सांगतेय, आज काढ."

डॉक्टरांनी दाढ भरली. त्यावर निळा दिवा वीस सेकंद धरला. मग त्यांनी ग्लोव्हज काढले. "रात्री भेटूच. बायकोने तिकिटं काढलीत," असं म्हणून ते सँडविच खायला गेले.

कृतिका उठून बसली. चूळ भरताना अर्धं पाणी ओठातून निसटलं.

"ताई, तो नाही निघत. पुढची वीस मिनिटं त्याच्यावर उभी आहेत."

"माझ्यावर उभी आहेत."

"तुझं नाव कुठे घेते मी?"

"'माझी ताई' म्हणतेस. किती ताया आहेत तुला?"

"मग मावसबहीण म्हणते."

"मावसबहीण एकच आहे आपल्याला. ती पार्लर चालवते."

"लोक तुझ्यावर हसत नाहीत गं. सिस्टमवर हसतात."

"सिस्टम या खुर्चीत येऊन झोपत नाही."

कृतिकाने पर्समधून एक पाकीट काढलं. "तू ये ना आज. पहिली रांग, मधली सीट. मी मुद्दाम ठेवून घेतलीय."

पाकिटात तिकीट होतं आणि त्यामागे एक फॉर्म. चेहरा दाखवायला परवानगी. प्रमोदिनीचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. सहीची जागा रिकामी होती.

"हा सगळ्या प्रेक्षकांना देता?"

कृतिका दाढेवरून जीभ फिरवत राहिली.

"कृतिका, सगळ्यांना?"

"त्या जोकनंतर कॅमेरा तुझ्यावर येणार आहे. डायरेक्टरची आयडिया. तू हसलीस की लोक रिलॅक्स होतात. घरातलीच मस्करी आहे, इट्स ओके. तुझ्यासाठीही बरंच आहे ना ते?"

"आणि मी नाही हसले तर?"

"हसशील गं."

"नाही हसले तर?"

"तासाभरात कुठेतरी हसशीलच. एडिटमध्ये तिथलं इथे लावतात." ती सहज म्हणाली. तिचं बोलणं एका बाजूने लुळं पडत होतं. "सगळेच करतात."

प्रमोदिनीने तिकीट आणि फॉर्म पुन्हा पाकिटात घातले. पेडलवर पाय दाबून तिने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि डॉक्टरांच्या ग्लोव्हजवर पाकीट टाकलं.

"ठीक आहे," कृतिका म्हणाली. "शो तसाच होणार."

"ऐकलं."

कृतिकाने जॅकेट चढवलं. फोनच्या काळ्या काचेत बघून केस सारखे केले, फोन पर्समध्ये टाकला. मग तिच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ सुटली आणि हनुवटीवरून खाली येऊ लागली. तिला ते जाणवत नव्हतं. प्रमोदिनीच्या हाताशी टिश्यूचा खोका होता. दिवसातून तीसेक हनुवट्या ती पुसायची.

बाहेर रिसेप्शनच्या तीन मुली फोनचे कॅमेरे चालू करून उभ्या होत्या.

प्रमोदिनीने दार उघडून धरलं.

"जा," ती म्हणाली. "वाट बघतायत तुझी."