पुढची सीट

"पुढची सीट सोडून कुठंही बसा," दत्ताराम राऊळांनी पाहुण्यांना बजावलं आणि जीप तिलारीच्या रानात घातली. रान ओलांडून संध्याकाळी समुद्र दाखवायचा होता. बायको गेल्यानंतरची ही पहिलीच फेरी. मुलगा म्हणाला होता, "बाबा, जीप विकून टाका. आईशिवाय तुम्हाला नाही जमायचं."

शेकरू दिसलं, गव्यांचा कळप दिसला. मग ओढा आला. इथं त्यांची बायको शेवंती लुगडं खोचून पाण्यात उतरायची, काठीनं तळ चाचपायची आणि पलीकडे पोचली की हात करून जीप बोलवायची, मग पुन्हा पुढच्या सीटवर चढायची. आज दत्ताराम स्वतः काठी घेऊन उतरले. पाणी मांडीला लागलं, पण तळ घट्ट होता. त्यांनी परत येऊन काठी शेजारच्या सीटवर ठेवली, फोर बाय फोरचा गिअर टाकला आणि जीप एका दमात पलीकडे काढली. मागं टाळ्या पडल्या.

पलीकडच्या काठावर त्यांनी सवयीनं जीप थांबवली, वाकून डावीकडचं दार उघडलं आणि वाट पाहत राहिले. टाळ्या थांबल्या.

"भाऊ, मी येऊ का पुढं?" मागच्या एक काकू म्हणाल्या. "मागं पोट ढवळतंय. समुद्रापर्यंत काही माझा टिकाव लागत नाही."

दत्ताराम त्या रिकाम्या दाराकडे क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी सीटवरची काठी उचलली आणि काकूंपुढं धरली.

"या. पण वाटेत अजून एक ओढा आहे. पुढं बसेल त्यानं उतरून पाणी बघायचं, असा या जीपचा नियम आहे."

काकूंनी ओढणी कमरेला बांधली.