शेवटचा ळ

पक्षाघाताचा झटका आल्यापासून आईच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. स्पीच थेरपिस्ट रोज तिच्यासमोर आरसा ठेवून जीभ उचलायला लावायची, शेजारी लेक जीव मुठीत धरून ऐकायची. आज थेरपिस्टनं विचारलं, “आजी, गाव कोणतं तुमचं?” आईचा वाकडा ओठ थरथरला. तिनं गावाचं नाव घेतलं, तिकडची म्हातारी माणसं घेतात तसं, शेवटी ठसठशीत ळ लावून. लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “छान!” थेरपिस्ट म्हणाली. “पण ळ नाही, ल म्हणा. स्टेशनच्या पाटीवर ल आहे.” आईनं पुन्हा ळच म्हटला. “जीभ अजून वळत नाही,” थेरपिस्ट लेकीला हळूच म्हणाली, “ल जमेपर्यंत हेच घोटू.” लेकीनंही मान डोलावली. आईनं आरसा पालथा घातला आणि एकेक शब्द ओढत, पण ठणकावून म्हणाली, “पोरींनो, मी तिथं आधी जन्मले. पाटी नंतर लागली.”