माझे बी डबल झाले

टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात ईमेलचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि अंकिताच्या कॉम्प्युटरवर सगळे फोल्डर दोन-दोन दिसायला लागले. ते निस्तरायला कॉम्प्युटरवाला ऋतुराज दुपारभर तिच्या शेजारी बसला. साहेबांनी चहासुद्धा पाठवला. समोर बसलेल्या माजिदाच्या पोटात दुखायला लागलं. इतक्या वर्षांत तिच्या टेबलाशी कुणी घडीभर टेकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन तिनं आपल्या एकेका फोल्डरची जोडी हातानं बनवली आणि हाक मारली, "अरे ऋतुराज, माझे बी डबल झाले की!"

तो लगेच आला. तिनं डबा उघडून भाकरी आणि शेंगाचटणी पुढं सरकवली. स्क्रीन बघता बघता त्याचा घास हातातच राहिला.

 

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर अजून टाकलंच नाही की मी!"